युजेन क्रिस्तोफ : एका सायकलस्वाराचें चरित्र

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना त्यांनीं मिळविलेल्या विजयांची यादी आधीं द्यावी, असा परिपाठ पडून गेला आहे. ज्यानें राज्य मिळविलें, ज्यानें शोध लाविला, ज्यानें शर्यत जिंकिली, त्याचें नांव लेखणीच्या टोंकावर आपोआप येतें. आज आम्ही ज्या पुरुषाची हकीकत वाचकांस सादर करीत आहों, त्याची गोष्ट निराळी आहे. ज्या शर्यतीच्या मागें तो जवळजवळ वीस वर्षें लागला होता, ती त्याला एकदांहि जिंकतां आली नाहीं. तरी पण त्या शर्यतीचा इतिहास लिहूं म्हणणाऱ्याला कित्येक विजयी वीरांचीं नांवें गाळतां येतील. त्याचें नांव गाळतां येणार नाहीं. असें कां व्हावें, याचा उलगडा त्याच्या चरित्रांतच आहे.

युजेन क्रिस्तोफ याचा जन्म ता. २२ जानेवारी १८८५ रोजीं फ्रान्स देशांत पॅरिस येथें झाला. तरुणपणीं त्यानें कुलपें करण्याचा धंदा हस्तगत केला. कुलूप करणारा म्हणजे केवळ किल्ल्या घासणारा, असें कोणी समजूं नये. लोखंड तापवून त्यास आकार देणें, तुटलेला तुकडा दुसऱ्या तुकड्यास सांधणें, कानशीनें घासून दोन भाग एकमेकांत नेमके बसतील असे करणें, हीं सर्व कामें त्यांत येतात. आणि तीं ज्याच्या हातांत बसलीं, त्याच्या अंगीं सबुरीहि येते. ह्या गोष्टीची वाचकांनीं आठवण ठेवावी. पुढें एका अवघड प्रसंगीं हाच धंदा त्याच्या उपयोगीं पडला.

सायकलच्या शर्यतींची गोडी त्याला लवकरच लागली, आणि १९०४ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो धंदेवाईक स्वार झाला. त्या काळीं सायकली तयार करणारे कारखाने आपल्या मालाची प्रसिद्धि व्हावी म्हणून चांगले स्वार पदरीं ठेवीत. क्रिस्तोफच्या भरघोस मिशांवरून लोकांनीं पुढें त्याला म्हातारा गॉल असें टोपणनांव दिलें. गॉल हे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी. चित्रांतून ते मोठ्या मिशांचे दाखविण्यांत येतात. त्याहून लाडकें असें दुसरेंहि एक नांव त्याला होतें, तें म्हणजे क्रिक्री.

आतां ज्या शर्यतीशीं त्याचें नांव कायमचें जोडलें गेलें, तिची थोडी ओळख करून दिली पाहिजे. तूर द फ्रांस, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा, ही शर्यत १९०३ सालीं लोतो नांवाच्या एका क्रीडाविषयक वृत्तपत्रानें सुरू केली. आंरी देग्रांज हा त्या पत्राचा संपादक व शर्यतीचा चालक होता. आरंभीं ती सहा टप्प्यांची होती. पण दहा वर्षांच्या आंत टप्पे पंधरा झाले आणि अंतर पांच हजार किलोमीटरांच्या वर गेलें. आठ किलोमीटर म्हणजे सुमारें पांच मैल, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या अंतराची कल्पना येईल. एकेका टप्प्यासाठीं स्वारांना मध्यरात्रीनंतर निघून संध्याकाळपर्यंत चालवावें लागे. डोंगरांतील रस्ते खडीचे, मातीचे व खळग्यांचे होते. चढावर वेग बदलण्याचें जें यंत्र आज साध्या सायकलीलाहि असतें, तें ह्या शर्यतींत १९३७ पर्यंत वापरूं देत नसत. स्वार जादा टायर खांद्यावरून आडवे अडकवून निघत आणि पंक्चर झाल्यास रस्त्याच्या कडेला बसून स्वतः टायर बदलीत.

देग्रांज हा मोठा करारी पुरुष होता. विजय हा स्वाराच्या अंगच्या बळाचा असला पाहिजे, कारखानदाराच्या पैशाचा नव्हे, असें त्याचें मत होतें. श्रीमंत कारखाना वाटेंत जागोजाग कारागीर उभे करूं शकेल. पण एकट्यानें आलेल्या गरीब स्वाराला तें कोठून साधावें? यासाठीं त्यानें असा नियम केला कीं, सायकल मोडली तर स्वारानें ती स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करावी आणि कोणाचीहि मदत घेऊं नये. नियम कागदावर लिहितांना चांगला दिसला. त्याची खरी परीक्षा कोणाच्या तरी पाठीवर व्हावयाची होती.

क्रिस्तोफ ह्या शर्यतींत प्रथम १९०६ सालीं उतरला व नववा आला. १९०९ सालींहि त्याचा क्रमांक नववाच होता. परंतु त्याच्या अंगीं कोणत्या प्रतीचें धैर्य आहे, हें जगाला कळलें तें १९१० सालीं, दुसऱ्याच एका शर्यतींत. मिलान शहरापासून समुद्रकांठच्या सान रेमोपर्यंत सुमारें २९० किलोमीटरांची ही इटलींतील शर्यत वसंत ऋतूच्या आरंभीं होते. त्या वर्षीं ती ता. ३ एप्रिलला झाली; पण वसंताचें कांहींच चिन्ह नव्हतें. तुर्किनोच्या खिंडींत बर्फ इतकें सांचलें होतें कीं, स्वारांना सायकली हातांत धरून पायीं चालावें लागलें. साठांहून अधिक स्वार निघाले होते. ते एकामागून एक शर्यत सोडून देऊं लागले. क्रिस्तोफच्या पोटांत कळा येऊं लागल्या, बोटें लांकडासारखीं ताठलीं, आणि तो रस्त्याच्या कडेला एका खडकाला टेकून थांबला.

वाटेनें जाणाऱ्या एका मनुष्यानें त्याची ही अवस्था पाहून त्याला जवळच्या एका खाणावळींत नेलें. खाणावळवाल्यानें त्याचे ओले कपडे काढून त्याला पांघरुणांत गुंडाळलें. अंगांत थोडी ऊब येते न येते तोंच आपले प्रतिस्पर्धी बाहेरून पुढें जात असल्याचें क्रिस्तोफला दिसलें. खाणावळवाला त्याला जाऊं देण्यास राजी नव्हता. तथापि त्यानें ऐकलें नाहीं. एक लोंकरी विजार मागून घेऊन ती घातली, तो पुन्हां हिमांत शिरला, पुढें गेलेल्यांना त्यानें गांठलें, आणि निघाल्यापासून बारा तास चोवीस मिनिटांनीं तो सान रेमोस पहिला पोंचला. शर्यत पुरी करणारे स्वार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. ह्या विजयाची किंमतहि त्याला भरावी लागली. तो महिनाभर रुग्णालयांत होता, आणि प्रकृति पूर्ववत् होण्यास पुढें दोन वर्षें लागलीं.

१९१२ सालीं तो पुन्हां पूर्ण जोमांत होता. त्या वर्षीं फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत त्यानें लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांपैकीं शामोनीहून ग्रनोब्लपर्यंतचा ३६६ किलोमीटरांचा टप्पा आल्प्स पर्वतांतून जाणारा होता. त्यांतील ३१५ किलोमीटर तो सर्वांच्या पुढें एकटाच धांवत होता. एवढा लांबचा पल्ला एकट्यानें मारून टप्पा जिंकल्याचें दुसरें उदाहरण ह्या शर्यतीच्या इतिहासांत नाहीं. असें असूनहि विजय त्याला मिळाला नाहीं. त्या वेळीं क्रमांक वेळेवरून न लावतां गुणांवरून लावीत. टप्प्यांत जो पहिला आला त्याला एक, दुसरा आला त्याला दोन, याप्रमाणें. आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. दहा मिनिटांनीं जिंकलें काय आणि एका चाकाच्या अंतरानें जिंकलें काय, हिशेब एकच. त्यामुळें बेल्जममधील ओदिल डेफ्रे हा पहिला ठरला व क्रिस्तोफ दुसरा. वेळेचा हिशेब धरला असता तर अखेरच्या टप्प्यापर्यंत क्रिस्तोफच आघाडीवर होता. पुढील वर्षापासून वेळेचा हिशेब पुन्हां सुरू झाला, आणि यंदा क्रिस्तोफचें वर्ष आहे असें पुष्कळांस वाटूं लागलें.

ता. ९ जुलै १९१३ रोजीं बायोन येथून ल्युशोंकडे जाणारा ३२६ किलोमीटरांचा सहावा टप्पा सुरू झाला. हा मार्ग फ्रान्स व स्पेन यांच्यामधील पिरेनीज पर्वतांतून जातो. डेफ्रे त्या दिवशीं चढावांवर अगदींच मागें पडला व पुढें त्यानें शर्यत सोडून दिली. क्रिस्तोफ आणि बेल्जममधील तरुण स्वार फिलिप थिस हे दोघे सर्वांच्या पुढें होते. २,११५ मीटर उंचीची तूरमालेची खिंड थिसनें आधीं ओलांडली व त्याच्या पाठोपाठ थोड्याच मिनिटांनीं क्रिस्तोफनें. एकंदर वेळेच्या हिशेबानें त्या घडीला सर्व स्पर्धेंत क्रिस्तोफ पहिला होता. आतां पुढें उतार होता.

त्या उतारावर त्याला आपल्या हातांतील मूठ सैल झाल्यासारखी वाटली. सायकलच्या पुढल्या चाकाला दोहों बाजूंनीं धरणारा जो बेचक्याच्या आकाराचा भाग असतो, ज्याला आपल्याकडे फोर्क म्हणतात, तो मोडला होता. चाक मोडतें तर निभावलें असतें. टायर फुटता तर बदलतां आला असता. पण फोर्क मोडल्यावर सायकल म्हणजे केवळ खांद्यावरचें ओझें होय. खालचें सेंत-मारी-द-कांपां हें खेडें तेथून सुमारें दहा किलोमीटर दूर होतें. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर टाकली, सुटें झालेलें चाक दुसऱ्या हातांत घेतलें, आणि तो चालूं लागला. ज्यांना त्यानें सकाळपासून मागें टाकलें होतें, ते स्वार एकामागून एक त्याच्या बाजूनें पुढें निघून गेले. कोठें रस्ता सोडून त्यानें पाऊलवाट धरली. संतापानें व दुःखानें त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें, हें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. मोठ्या पुरुषाला रडूं येत नाहीं, असें ज्या मुलांना वाटत असेल त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. तो रडत होता, हें खरें. पण पाय थांबले नव्हते.

दोन तासांनंतर तो खेड्यांत पोंचला. गांवाच्या दुसऱ्या टोंकाला लेकोंत नांवाच्या लोहाराची भट्टी होती. लोहार भला मनुष्य होता. फोर्क आपणच जोडून देण्यास तो तयार झाला. परंतु शर्यतीचे अधिकारी मागोमाग येऊन तेथें उभे राहिले होते, आणि त्यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी कारखान्यांचीं माणसेंहि होतीं. लोहारानें हात लावला असता तर क्रिस्तोफला शर्यतींतून काढून टाकण्यांत आलें असतें. म्हणून तोंडानें सांगण्यापलीकडे त्या लोहाराला कांहीं करतां येईना. आपल्याच भट्टीपुढें तो हात बांधून उभा राहिला.

तेव्हां कुलपें करणाऱ्या क्रिस्तोफनें हातोडा उचलला. त्यानें लोखंड निवडलें, तापविलें, ऐरणीवर ठोकून जुळतें केलें, आणि मोडलेला फोर्क सांधूं लागला. एका हातानें निखाऱ्यांत फोर्क धरावयाचा, दुसऱ्या हातानें हातोडा चालवावयाचा; मग भाता कोणीं चालवावा? तिसरा हात परमेश्वरानें कोणाला दिलेला नाहीं. जवळच एक लहान मुलगा उभा होता. त्यानें भाता चालविला. काम तीन तास चाललें. अधिकाऱ्यांना भूक लागली. त्यांनीं जरा खाऊन येतों म्हटलें, तेव्हां क्रिस्तोफनें त्यांना भूक लागली असल्यास कोळसे खावे असें सुनावलें, असें सांगतात. ते त्याच्यावर पहारा करीत होते, त्याअर्थीं काम पुरें होईपर्यंत त्यांनींहि तेथेंच उपाशी उभें राहावें, असा त्याचा न्याय होता.

फोर्क जोडून झाल्यावर त्यानें चाक बसविलें आणि तो निघाला. पुढें अजून आस्पें व पेरसूर्द ह्या दोन खिंडी होत्या. त्या ओलांडून, पहिल्या आलेल्या थिसच्या मागून तीन तास पन्नास मिनिटांनीं, तो ल्युशोंस पोंचला. तेथें अधिकाऱ्यांनीं त्याला आणखी दहा मिनिटांचा दंड केला. कारण भाता त्या मुलानें चालविला होता. हा दंड मागाहून तीन मिनिटांवर आणण्यांत आला. तो दहा असता काय किंवा तीन असता काय, शर्यत हातची गेलीच होती. तरीहि क्रिस्तोफनें ती सोडली नाहीं. उरलेले सर्व टप्पे पुरे करून तो पॅरिसला सातवा आला. त्या वर्षीं थिस विजयी झाला.

ह्या प्रसंगाविषयीं थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. नियम मोडला गेला होता, याबद्दल वाद नाहीं. मुलानें भाता चालविला होता. नियम करण्याचा हेतु गरीब स्वाराचें रक्षण हा होता, हेंहि आम्हीं वर सांगितलें आहे. पण ज्या नियमानें एकट्या मनुष्याचा कैवार घ्यावयाचा, त्याच नियमानें डोंगरांतून पायीं आलेल्या एका एकट्या मनुष्याला दंड केला. नियमाचीं अक्षरें पाळलीं गेलीं. त्याचा आत्मा कोठें राहिला, हा प्रश्न आमच्या शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांनीं आपल्या वादसभेंत घ्यावा असाच आहे. आमचें मत असें आहे कीं, अधिकाऱ्यांना दंड करण्याचा अधिकार होता. पण ज्याला दंड करण्याचा अधिकार असतो, त्याला तो न करण्याचाहि असतो. क्रिस्तोफची थोरवी अशी कीं, नियम कठोर आहे असें वाटूनहि त्यानें तो चोरून मोडला नाहीं. लोहार राजी होता, जागा दूर डोंगरांतील होती, आणि हानि अपरिमित होती. तरी हातोडा त्यानें स्वतःच धरिला.

१९१४ च्या शर्यतींत तो अकरावा आला. ती शर्यत ता. २८ जून रोजीं सुरू झाली, आणि त्याच दिवशीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. शर्यत संपून थोडे दिवस होतात तोंच महायुद्ध पेटलें. चार वर्षें प्रदक्षिणा बंद राहिली. ती पूर्वीं जिंकलेले तीन वीर, फ्रांस्वा फाबेर, ओक्ताव्ह लापीझ आणि ल्युसियां पती-ब्रतों, हे युद्धाच्या काळांत मरण पावले. क्रिस्तोफ वांचला, पण स्वाराच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें निघून गेलीं होतीं.

ता. २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशीं प्रदक्षिणा पुन्हां सुरू झाली. देश उध्वस्त झाला होता, रस्ते फुटले होते, टायर दुर्मिळ होते. निरनिराळ्या कारखान्यांजवळ पैसा नसल्यामुळें त्यांनीं एकत्र होऊन स्वार पाठविले व त्यांना एकाच करड्या रंगाचे सदरे दिले. त्यामुळें रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना आघाडीचा स्वार कोणता, हें ओळखतां येईना. चौतीस वर्षांचा क्रिस्तोफ चौथ्या टप्प्यापासून आघाडीवर होता. तेव्हां देग्रांजनें असें ठरविलें कीं, एकंदर वेळेंत जो पहिला असेल त्यानें पिवळा सदरा घालावा. लोतो हें पत्र पिवळ्या कागदावर छापीत असत, म्हणून हा रंग निवडला असें सामान्यतः समजतात. ता. १९ जुलै रोजीं ग्रनोब्ल येथें हा सदरा क्रिस्तोफच्या अंगावर आला. आज जगांतील प्रत्येक सायकलपटु ज्या पिवळ्या सदऱ्याचें स्वप्न पाहतो, तो घालणारा पहिला मनुष्य हाच होय. त्याला स्वतःला मात्र त्याचें कौतुक वाटलें नाहीं. कारण वाटेंत लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवूं लागले.

शेवटचे दोन टप्पे उरले होते. दुसऱ्या क्रमांकावरील बेल्जियन स्वार फिर्मां लांबो याच्यापेक्षां क्रिस्तोफ २८ मिनिटांनीं पुढें होता. मेत्स ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरांचा टप्पा युद्धानें उजाड झालेल्या मुलुखांतून जात होता. व्हालांस्येन शहराजवळ दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर त्याच्या सायकलचा फोर्क पुन्हां मोडला. सहा वर्षांपूर्वींची ती जागा आणि ही जागा यांमध्यें सबंध देशाचें अंतर होतें. पण दुर्दैवाला वाट बरोबर सांपडली. ह्या वेळीं कारखाना जवळच मिळाला. पुन्हां एकदां त्यानें आपल्याच हातांनीं फोर्क जोडला. या कामांत एक तासाहून अधिक वेळ गेला, आणि डंकर्कला पोंचेपर्यंत पिवळा सदरा लांबोचा झाला होता. शेवटच्या टप्प्यांत पंक्चरांनीं त्याला आणखी छळलें. पॅरिसला अखेरच्या यादींत अवघे दहा स्वार उरले. त्यांत लांबो पहिला, आलाव्हान दुसरा आणि क्रिस्तोफ तिसरा.

१९१३ सालीं त्याच्या वाट्यास कायदा आला होता. १९१९ सालीं दया आली. शर्यतीच्या चालकांनीं विजयी लांबोइतकेंच बक्षीस त्याला दिलें. वृत्तपत्रानें त्याच्यासाठीं वर्गणी सुरू केली. युद्धानें दरिद्री झालेल्या त्या देशांत घरोघरीं कोणी ना कोणी मृत्युमुखीं पडलेलें होतें. तरी लोकांनीं पैसे पाठविले. कोणी धनिकानें मोठी रक्कम दिली, तर कोणी दोनतीन फ्रँकच पाठविले. एकूण १३,३१० फ्रँक जमले, आणि देणाऱ्यांच्या नांवांनीं पत्राचीं कित्येक पानें भरून गेलीं. शर्यत जिंकून जें मिळालें असतें, त्याहून ही रक्कम मोठी होती. ज्यांनीं ती दिली त्यांतील बहुतेकांनीं त्याला कधीं पाहिलेंहि नसेल. पण आपलें कांहीं चुकलें नसतांना मोडून पडणें म्हणजे काय, हें त्या पिढीला कोणीं समजावून सांगावयास नको होतें.

एवढ्यावर दुसरा कोणी घरीं बसला असता. क्रिस्तोफनें १९२० सालीं पॅरिस ते तूर ही शर्यत जिंकिली, आणि बोर्दो ते पॅरिस ही अतिशय लांबची शर्यत १९२० व १९२१ अशीं दोन वर्षें जिंकिली. शेतें, चिखल, चढउतार यांतून, प्रसंगीं सायकल खांद्यावर घेऊन धांवण्याची जी हिंवाळी शर्यत असते, तींत तो १९०९ पासून १९१४ पर्यंत दरवर्षीं व पुन्हां १९२१ सालीं, असा सात वेळां फ्रान्सचा अजिंक्यवीर ठरला. सायकल खांद्यावर घेऊन चालणें त्याला नवीन नव्हतें, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

१९२२ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, त्यानें प्रदक्षिणेंत कांहीं दिवस पुन्हां पिवळा सदरा घातला. त्या वर्षीं आल्प्समधील गालिब्येच्या खिंडीच्या उतारावर त्याचा फोर्क तिसऱ्यांदां मोडला. कथेंत कोणीं असें लिहिलें असतें तर तें अतिशयोक्तीचें वाटलें असतें; पण घडलें तें असें. तो शर्यत पुरी करून आठवा आला. शेवटची प्रदक्षिणा त्यानें १९२५ सालीं, चाळीस वर्षांचा असतांना केली व अठरावा क्रमांक मिळविला. एकूण अकरा वेळां तो तींत उतरला आणि आठ वेळां ती त्यानें पुरी केली. १९२६ सालीं त्यानें धंदेवाईक शर्यतींचा निरोप घेतला.

पुढें त्याचें नांव एका लहानशा वस्तूनें घरोघर नेलें. पायडलावर पाऊल घसरूं नये म्हणून धातूची एक पकड व चामड्याचा पट्टा लावीत असत. ह्या वस्तु क्रिस्तोफच्या नांवानें विकल्या जात, आणि अनेक पिढ्यांच्या स्वारांनीं त्या वापरल्या. त्यांतील पुष्कळांना तो कोण, हें ठाऊकहि नसेल. पॅरिसच्या लगत मालाकॉफ येथें त्यानें दीर्घ आयुष्य घालविलें, आणि ता. १ फेब्रुवारी १९७० रोजीं, वयाच्या पंचायशींव्या वर्षीं, तो निवर्तला. सेंत-मारी-द-कांपां येथें, ज्या जागीं त्यानें हातोडा चालविला, तेथें त्याच्या स्मरणार्थ एक शिलालेख लावलेला आहे; त्या खेड्यांत त्याचा पुतळाहि उभारला आहे. त्याच्या हातांत विजयाचा चषक नाहीं; मोडलेला फोर्क आहे.

शर्यतीचे नियम पुढें हळूहळू सैल झाले. आतां स्वाराची सायकल बिघडली कीं मागून येणाऱ्या मोटारींतून दुसरी सायकल त्याच्या हातीं येते. हें योग्यच झालें. कठोर नियम बदलले जातात तें बहुधा कोणीतरी ते पूर्वीं मुकाट्यानें सोसलेले असतात म्हणूनच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण सायकलीवरून शाळेंत येतात. साखळी उतरली तर हात काळे न करतां दुकान शोधणारेहि त्यांत आहेत, आणि मुलानें हात काळे करूं नयेत असें वाटणारे पालकहि असतील. अशा पालकांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, तूरमालेच्या पायथ्याशीं त्या दिवशीं क्रिस्तोफच्या उपयोगीं पडलें तें त्याचें पायांचें बळ नव्हे, तर लहान वयांत शिकलेलें हातांचें काम. शर्यतीसाठीं तें तो शिकला नव्हता. विद्या कोणती कधीं उपयोगीं पडेल, हें शिकवणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं.

पौल प्रेषितानें मनुष्याच्या जीविताला शर्यतीची उपमा दिली आहे. त्या उपमेचा अर्थ लावतांना आपण बहुतकरून पहिल्या येणाऱ्याकडे पाहतों. परंतु शर्यत पुरी करणें ही एक निराळीच गोष्ट आहे. ल्युशोंच्या रस्त्यावर पहिला कोण आला, हें आज शोधून काढावें लागतें. जवळजवळ चार तास उशीरानें, काळ्या झालेल्या हातांनीं, स्वतः सांधलेल्या सायकलीवर कोण आला, हें मात्र त्या डोंगरांतील लहान मुलालाहि ठाऊक आहे. आणि ज्या मुलानें भाता चालविला, त्याचीहि आठवण आम्ही ठेवतों. त्याच्या मदतीबद्दल दंड झाला, हें खरें. तरी तो भाता चालविल्यावांचून तें लोखंड तापलें नसतें.